कागदावरचा पाय

शाळा उघडायला आठवडा राहिला की अमेरिकेतल्या जॉर्जियात आमच्या काळ्यांच्या वस्तीत घरोघर किराण्याच्या कागदी पिशव्या फाडल्या जात. पोराला कागदावर उभं करायचं, पेन्सिलीनं पावलाची कड काढायची आणि तो कागद घेऊन गोऱ्या हॅरल्सनच्या बुटांच्या दुकानी मागच्या दारानं जायचं. काळ्या माणसाला बूट घालून बघायची परवानगी नव्हती. त्याचा पाय लागलेला बूट गोरं गिऱ्हाईक घेणार नाही, असं हॅरल्सनचं म्हणणं. कागद बघून तो देईल तो बूट घ्यायचा. चावला तर चावला, परत घेणं नाही.

त्या बुटांनी व्हर्नेल टॉलिव्हरच्या डाव्या पायाची दोन नखं खाल्ली होती.

ह्याच व्हर्नेलनं १९५९ च्या उन्हाळ्यात ब्रसेल्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्णपदक मारलं. तिथं शर्यतीआधी बूट बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या गोऱ्या कारागिरानं गुडघे टेकून तिचं पाऊल हातात घेतलं, मापलं आणि सांगितलं, की बाई, तुम्ही आजवर एक नंबर लहान बूट घालत आलात. पदक घेताना ती रडली नाही, पण तेव्हा रडली. मग मापाचे बूट घालून धावली आणि सात देशांच्या सात जणींना तिनं धूळ चारली.

बातमी गावात आली आणि हॅरल्सनला एकाएकी तिचा अभिमान वाटू लागला. तिचे धावायचे बूट त्याला दुकानाच्या काचेत मांडायला हवे होते. शनिवारी अटलांटाहून वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार होता. ‘ही आमच्याच दुकानाची गिऱ्हाईक,’ असं तो सांगत सुटला होता. निर्लज्जपणाला काही सीमा?

व्हर्नेलनं निरोप पाठवला, की येते. घरी मात्र ती लूटी मावशीला म्हणाली, “फोटोवाल्यासमोर त्याला कागदावर उभा करणार आहे. पेन्सिल मी फिरवणार. सगळ्या गावानं बघू दे.”

लूटी मावशीनं तिला आईमागे वाढवलं होतं. वस्तीतल्या निम्म्या पोरांचे पाय तीस वर्षं तिनंच कागदावर काढले होते. ती बटाटे सोलत राहिली.

“कर की. मीही बघायला येईन, पुढच्या रांगेत बसेन. पण सोमवारी काय? सोमवारी पुन्हा पिशवी मीच फाडायची ना?”

“म्हणजे त्याला सोडून देऊ?”

“सोडायचं कोण म्हणतंय? तुझा सूड शनिवारी दुपारी संपतो, पोरी. मला जरा टिकणारा हवाय.”

व्हर्नेल त्या दिवशी जेवली नाही. इतक्या वर्षांचा राग असा दुसऱ्याच्या सांगण्यावरून थोडाच निवतो?

शनिवारी ती पुढच्या दारानं आत शिरली. मागे मावशी आणि वस्तीतली अकरा पोरं. गोरी गिऱ्हाइकं भिंतीला सरकली. व्हर्नेलनं पर्समधून कागदी पिशवी काढून फरशीवर पसरली आणि पेन्सिल हातात धरली. हॅरल्सनला सगळं समजलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ते तोंड तिनं मिनिटभर पोटभर बघितलं. खरं सांगतो, दारातून आम्हीही बघितलं.

मग ती म्हणाली, “हा कागद इथला शेवटचा. माझे बूट तुम्हाला मिळतील. आधी ह्या सगळ्यांचे पाय तुमच्या हातानं मापायचे, बूट घालून बघू द्यायचे. आज, आणि इथून पुढं रोज.”

“व्हर्नेल, माझी गिऱ्हाइकं तुटतील गं.”

“मग मी बूट घेऊन जाते आणि ह्या कागदाची गोष्ट पेपरवाल्याला सांगते. ब्रसेल्सलाही छापून येईल.”

फोटोवाल्यानं कॅमेरा डोळ्याला लावला होता. हॅरल्सन हळूहळू बुटक्या स्टुलावर बसला. पहिला पाय मावशीनं पुढं केला. त्यानं बूट काढला. आत बोटं एकमेकांवर चढून वाकडी झालेली. त्यानं पाऊल मापपट्टीवर टेकवलं आणि पुटपुटला, “साडेआठ. मी तर तुम्हाला... तीस वर्षं साडेसात...” “बाई, मला खरंच...”

“बोलू नका,” मावशी म्हणाली. “मापा!”

त्यानं बाराही जणांचे पाय मापले आणि घालून बघून बसतील तेच बूट दिले. जाताना व्हर्नेलनं धावायचे बूट काचेत ठेवले आणि शेजारी तो कोरा कागद. त्यानं कागद का, म्हणून विचारलं नाही. पुढं तो त्यानं कधी काढलाही नाही.

नागरिकहो, सूड घ्यायचाच तर असा घ्या. अपमान करणाऱ्याचा अपमान केला की मन निवतं, पण त्याची रीत तशीच उरते. रीत मोडणं हाच खरा सूड. आणि आपल्याही दुकानाला, घराला कुणासाठी मागचं दार ठेवलंय का, तेही एकदा बघून या.

शाळा उघडली त्या सोमवारी आमची अकरा पोरं नव्या बुटांत शाळेत गेली. एकही लंगडत नव्हतं.