उजवं फूल

पाय माझे, कळ माझी, आन् दर साली ह्यो डोंगर चढायचाबी मीच! पूर्वी ह्यो आमच्या गावामागचा डोंगर होता. धरणाचं पानी भरलं, गाव बुडालं, वर उरलं त्याचं बेट झालं. आमी कामशेतकडं हललो. गुहेतली देवी तेवढी हलली न्हाई. तिला जागेवरनं उचलायचं तर आदी कौल घ्यावा लागतो. दोन खांद्यांवर दोन फुलं वली करून चिकटवायची. उजवं आदी पडलं तर व्हय, डावं पडलं तर न्हाई. तवापासनं दर नवरात्रात होडीनं येतो, ईचारतो, आन् ती न्हाई म्हनती.

लोणावळ्याची पाव्हनी मंडळी मोटारबोटीनं हवा खायला येत्यात. पायवाटंनं हिंडत्यात, गुहांत वरडून आपलाच आवाज ऐकत्यात, दीपस्तंभाखाली फोटू काढत्यात. त्यास्नी मौज, माझा जीव मेटाकुटीला. निगतानाच बायकोला, चिमाबाईला, म्हनलो, औंदा देवीनं व्हय म्हनावं, म्हंजी मी सुटलो. ती म्हनली, तिच्याम्होरं तरी कुरकुर करू नगा.

गुहेत फुलं चिकटवून बसलो. बसून बसून डोळा लागला, तवर चिमाबाईनं कोपर मारलं. उजवं फूल खाली पडलं होतं. माज्या डोळ्यांत पानीच आलं. सुटलो एकदाचा! देवी म्हंजी हातभर शिळा. तिला न्यायला आनलेली टोपली सरकवून उचलाय वाकलो, तर तिच्या मागल्या अंगाला, म्होरनं दिसायची न्हाई अशी पणती. वात ताजी, तेल अर्धं.

तेवढ्यात दीपस्तंभाचा ताजुद्दीन तेलाची बाटली घिऊन आत आला. बोटींसाठी सांजंला वरचा दिवा लावायचा, ही त्याची नोकरी. बारा म्हैने बेटावर एकटा. टोपली बघून जागीच थबकला. पणतीचं ईचारलं तर म्हनला, वरचा दिवा लावून उतरलो की हितं वात लावतो. कुनी सांगितलं न्हवतं. पावसाळ्यात मानूस दिसत न्हाई, मग हिच्यापाशी बसून घरचं बोलतो.

"न्या आबा," त्यो म्हनला. "तुमचीच हाय ती."

बाटली त्यानं पाठीमागं लपवली होती. मला लय वाईट वाटलं.

"उचला की," चिमाबाई म्हनली. "कौल दिलाय तिनं."

मी टोपली पालथी घातली आन् तिच्यावरच बसलो.

"पाय दुखत्यात," मी म्हनलो. "फुडल्या साली बघू."