उष्टावणाची वाटी

उत्कर्षानं बर्फाचा ट्रे ओट्यावर असा आपटला, की दोन खडे उडून थेट सिंकमध्ये गेले. हॉलमधले पाहुणे क्षणभर गप्प झाले. झाले तर झाले.

लेकीचं उष्टावण होतं. पहिला घास मामानं भरवायचा, म्हणून तिचा भाऊ साईनाथ लोणी काळभोरहून सकाळीच हिंजवडीला आला होता, चांदीची वाटी घेऊन. सासूबाईंनी, म्हणजे विजयमालाबाईंनी, ती चार बायकांदेखत नखानं वाजवली आणि म्हणाल्या,

“जर्मन सिल्व्हर दिसतंय. आवाजच सांगतोय की.”

साईनाथ कसंनुसं हसला होता. आता तो दाराशी बूट शोधत होता, हे तिला ओट्यापासूनही दिसत होतं.

सातवीच्या वर्गाला धातूंचे गुणधर्म शिकवणाऱ्या बाईला या चांदी ओळखायला शिकवणार! तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं शोकेसमधली सासूबाईंची वाटी आणली. तिच्या नवऱ्याच्या, रणजितच्या, उष्टावणाला त्यांच्या दादानं दिलेली, दर दिवाळीला घासून मिरवलेली. दोन्ही वाट्यांत एकेक खडा टाकला. चांदीइतकी झटकन उष्णता वाहून नेणारा दुसरा धातू नाही. दोन्हीकडे बर्फ सारखाच विरघळला, की वाट्या बाहेर नेऊन सगळ्यांसमोर मांडायच्या.

साईनाथच्या वाटीतल्या खड्याचं बघता बघता पाणी झालं. सासूबाईंच्या वाटीतला ढिम्म हलला नाही.

तिला आधी कळेचना. मग कळलं आणि आनंद झाला, चांगला दुष्ट आनंद. वाटी उचलून ती वळली, तर स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई.

“बघा आई, तुमच्या वाटीत बर्फ विरघळत नाहीये.”

“मला ठावं हाय.” त्यांनी दार लोटून घेतलं. “माझ्या सासूनं भर पाव्हण्यांत वाजवून दाखवली होती. दादा तसाच उठून गेला. पुन्हा या घरी आला न्हाई.”

आता आपला राग उतरेल, असं उत्कर्षाला वाटलं. तो उलट दुपटीनं चढला.

“एवढं सोसून तुम्ही माझ्या भावाला तेच केलंत?”

बाहेर साईनाथ कुणाला तरी “निघतो” म्हणत होता. विजयमालाबाईंनी त्याची वाटी पदरानं पुसली, गॅसवरची वाफाळती खीर तिच्यात ओतली आणि वाटी तशीच बोटांत धरून हॉलमध्ये गेल्या. उत्कर्षा मागोमाग गेली.

“मामा, बूट काढा. वाटी चांदीची हाय,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “हाताला कळतंय.”

त्यांची बोटं लाल झाली होती. समोरच टीपॉय होता, पण त्यांनी वाटी खाली ठेवली नाही.

उत्कर्षाच्या हातात फडकं होतं. तिनं ते पुढे केलं नाही.