मोरधारच्या उंबऱ्यावरचा हात

वैशाख पेटला होता. मोरधारगडाच्या उतारावर बहाव्याची पिवळी झुंबरं लोंबत होती, कुड्याच्या शुभ्र फुलांचा गंध तापल्या कातळावरून हळू हळू वर चढत होता, आणि आभाळ कसं, तर घासूनपुसून पालथ्या घातलेल्या तांब्याच्या परातीसारखं. अशा ताम्रवर्ण, तप्त, तृषार्त सकाळी गडाची लेकरं गड चढत होती. बोडक्या डोक्यांनी चढत होती.

रीतच तशी. कधीकाळी याच वैशाखात टोपीकरांच्या तोफांनी गड पाडला, आणि गडाच्या शिपायांना पागोटी दरवाजात ठेवून बोडक्यानं खाली जावं लागलं. म्हणून त्यांचे वंशज त्या तिथीला बोडके वर येतात. दरवाजाच्या उंबऱ्यावर वंशज मंडळाचा अध्यक्ष उभा राहतो, एकेकाच्या डोक्याला फेटा बांधतो, आणि मग ताठ मानेनं सगळे उतरतात.

त्या उंबऱ्यावर हौसाआक्का ढमाले उभी होती.

नवऱ्यामागं अध्यक्षाची खुर्ची रिकामी पडली, तेव्हा बाईला चार दिवस बसू दे म्हणून बसवलेली. ती बसली ती बसलीच. केस काळ्याचे रुपेरी झाले, रुप्याचे कापूस झाले. तिनं टाक्यातला गाळ उपसवला, आडवे पडलेले वीरगळ उभे केले, दरवाजाचा दगड फोडायला आलेला ठेकेदार पायऱ्यांवरून परत धाडला. सही करताना तिचा हात अडखळे. साहेबासमोर जीभ कधी अडखळली नाही.

आणि एक केलं, जे कुणीच केलं नव्हतं. गडाच्या कमरेला मेट होतं, पहाऱ्याची चौकी. तिथं जागले, तिथंच मेले, त्या मेटकऱ्यांचे वंशज पिढ्यानपिढ्या दरवाजाबाहेर उभे राहून इतरांचे फेटे बघायचे. आक्कानं पहिल्याच वर्षी त्यांना हाताला धरून आत आणलं.

पण आता तिची बोटं वाकली होती, वडाच्या पारंब्यांसारखी आखडली होती. गेल्या साली तिनं बांधलेला फेटा निम्म्या उतारावर सुटला, पहिल्या मानाच्या सर्जेराव हवालदाराच्या गळ्यात उपरण्यासारखा लोंबला. लोक हसले. आक्का हसली नाही.

म्हणून आज तिनं फेट्यांची चळत उचलली आणि सुंद्रा मेटकरीच्या हातांत ठेवली. दगडावर धुणं आपटून आपटून घडलेले ते हात.

"यंदापासून ही बांधील. अध्यक्ष हीच."

वारा थांबला. पाकोळ्यांनी कमान सोडली.

सर्जेराव पुढं आला. "आक्का, मेटावरच्यांना आत घेतलंत, आम्ही गप्प बसलो. आता आमच्या डोक्याला त्यांचा हात?"

"गप्प कुठं बसलास, सर्जा? दोन वर्षं माझ्या दारचा चहा प्याला नाहीस. साखर वाचली माझी." मग तिचा आवाज खाली आला, खोल टाक्यातल्या पाण्यासारखा गार झाला. "तुझा खापरपणजा वर सदरेवर होता, हिचा खाली मेटावर. तोफेचा पहिला गोळा कुणाच्या छपरावर पडला, ते सांग. मग नको म्हण."

सर्जेराव वळला, आणि बोडकाच उतरू लागला.

आक्कानं हाक मारली नाही. पण त्याच्या पाठीवरची नजर काढली नाही. हा गेला तर मागोमाग हवालदारांची सगळी आळी जाईल. मग तिनं डोळे मिटायचा अवकाश, मेटकरी पुन्हा दरवाजाबाहेर उभे राहतील. इतक्या वर्षांची मशागत, एका पाठमोऱ्या माणसानं वाहून न्यावी अशी.

तो उतरत राहिला. करवंदीच्या जाळीआड गेला, पुन्हा दिसला, आणि मेटाच्या जोत्यांपाशी पोचला. तिथं छप्पर नव्हतं, भिंत नव्हती; उन्हात उघडे पडलेले काळे, करपट, मूक दगड होते, आणि त्यांच्यामध्ये बोडक्या डोक्यानं एकटा उभा असलेला हवालदारांचा वंशज होता.

किती वेळ उभा होता, ते ऊनच जाणे.

मग तो वर येऊ लागला. घामानं निथळत, धापा टाकत, कुणाकडं न बघता आला. पहिल्या मानाची जागा अजून मोकळीच ठेवलेली होती. तो तिथं गेला नाही. रांगेच्या शेपटाला, मेटकऱ्यांच्याही मागं, जाऊन उभा राहिला.

डोक्यामागून डोकं झुकलं, रंगामागून रंग फुलला. अबोली, आमसुली, केशरी, मोरपंखी. शेवटी तो आला.

"सर्जेदादा, मान जरा खाली घ्या," सुंद्रा म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, हात नाही.

त्यानं मान खाली घेतली. "घट्ट बांध," तो पुटपुटला. "खाली वारं आहे."

"बोलत नको राहू, हलतंय डोकं," आक्का म्हणाली, आणि तोंड फिरवून पदरानं डोळे टिपले. ऊन फार झालं होतं.

मग सगळे उतरले. वळणावळणानं, नागमोडीनं, काळ्या कड्याच्या कुशीतून एक सप्तरंगी झरा झुळझुळत खाली निघाला. तो मेटापाशी आला, क्षणभर थबकला, त्या दगडांना वळसा घालून पुन्हा वाहू लागला. आणि वर, उघड्या दरवाजात, दोन बायका शेजारी शेजारी उभ्या राहून त्याला दिसेनासा होईतो बघत राहिल्या.