डॉक्टर केंकरे खाटेवर बसले

डिचोलीचे सर्जन केंकरे यांचा हात सोन्याचा, पण पेशंटशी ते फक्त ओरडून बोलत. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी मुंबईच्या शिबिरात ते संवाद शिकून आले. आल्याबरोबर अपेंडिक्स काढलेल्या मंजुळेच्या खाटेवर बसले आणि तिचा हात धरून हळूच म्हणाले, "मंजुळाबाय, मनात काही भीती आहे का?"

मंजुळा पांढरीफटक पडली. नवरा शांताराम बाहेर जाऊन रडला. दुपारपर्यंत हळर्णहून सगळं गणगोत शेवटच्या भेटीला आलं.

"रडताय कशाला? टाके सुकलेत. उद्या हिला घरी न्या," केंकरे खेकसले.

शांतारामने डोळे पुसले. "असंच बोला, दोतोर. सकाळी आम्ही भ्यालो."

केंकऱ्यांनी शिबिरवाल्यांना कळवलं, की गोड बोलणं पेशंटला सोसत नाही.