चार बोटांचा किनारा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. देशांचा नाही, रस्त्यांचा नाही, एका पक्ष्याचा. पाच फूट उंच, कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांड्या. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका कार्यालयात, जिन्यासमोरच्या भिंतीवर मी टांगलेला असतो. माझ्यावर गारठलेल्या उत्तरेपासून उबदार दक्षिणेपर्यंतचा सगळा किनारा आहे आणि जिथे जिथे तो पक्षी उतरतो तिथे केशरी रंग आहे. माझा स्वभाव जरा कोरडा आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुठे काय आहे ते दाखवायचं आणि गप्प राहायचं, एवढंच नकाशाचं काम. आज मात्र मी थोडं जास्त बोलणार आहे.

पक्ष्याचं खरं नाव लांबलचक आहे. कार्यालयात सगळे त्याला लंबू म्हणतात. अंगाने कबुतराएवढा, रंगाने तपकिरी, आणि चोच मात्र दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणल्यासारखी. ती चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून तो किडे आणि अळ्या काढतो. उत्तरेला अंडी घालतो, थंडी पडायच्या आत दक्षिणेला निघतो आणि वाटेत समुद्रकाठच्या चिखलात उतरून पोट भरतो. ओहोटीला उघडा पडणारा काळा, चिकट, वास मारणारा चिखल. माणसं नाक दाबून जातात ती जागा म्हणजे लंबूची खाणावळ.

मला ज्यांनी बनवलं ते कार्यालयातले नकाशे काढणारे होते. मी त्यांना मामा म्हणतो, कारण पुढे या गोष्टीत त्यांची भाची येणार आहे. कार्यालयातलं टेबल मला पुरेना, म्हणून मामांनी मला घरी जेवणाच्या टेबलावर तयार केलं. कागदाला मागून खळ लावली, कापड ताणून बसवलं, कडेने पुस्तकं ठेवून तीन दिवस दाबून ठेवलं. मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आम्ही सध्या मांडीवर ताटं घेऊन जेवतो. आमच्या टेबलावर समुद्र पसरलाय."

ठिपके पत्रांवरून दिले गेले. दीपगृहावर राहणारे, कोळी, किनाऱ्यावरच्या शाळांतले मास्तर, असे कितीतरी लोक कार्यालयाला पत्रं लिहीत: अमुक ठिकाणी लंबू दिसला, इतके होते, इतके दिवस राहिले. एका पत्राचा एक ठिपका. पत्र नाही तर ठिपका नाही, असा मामांचा बाणा होता. शेजारच्या गृहस्थांनी एकदा गच्चीवरून लंबू पाहिल्याचं छातीठोकपणे सांगितलं, तर मामा म्हणाले, "लिहून द्या." गृहस्थांनी पुन्हा विषय काढला नाही.

ठिपके झाल्यावर रंग आला. पाण्यात कालवलेला केशरी रंग रुंद ब्रशने सलग ओढायचा असतो. मधे थांबलं की कड वाळते आणि तिथे कायमची रेघ उमटते. मामा उत्तरेकडून खाली येत होते. माझ्या मध्यावर किनाऱ्याचा एक तुकडा असा आहे की तिथे एकही ठिपका नव्हता. कागदावर जेमतेम चार बोटं, जमिनीवर मात्र नऊशे किलोमीटर. तिथून कधी पत्रच आलं नव्हतं. नेमकी त्याच वेळी आतून मामींची हाक आली, "अहो, जेवण गार होतंय!"

मामा क्षणभर थांबले. ब्रशच्या टोकाला थेंब जमला होता. "एवढं अंतर उपाशीपोटी थोडाच जाणार आहे? मधे कुठेतरी उतरतच असेल," असं ते पुटपुटले आणि त्यांनी ब्रश तसाच खाली नेला. ती चार बोटं केशरी झाली. मामा जेवायला गेले.

मित्रांनो, त्यांनी हे कुणाला फसवायला केलं नाही. पुढच्या वर्षी कुणाला तरी तिकडे पाठवून खात्री करायची, असं त्यांच्या मनात होतं. पुढच्या वर्षी दुसरे नकाशे आले. मग त्या चार बोटांकडे कुणी पाहिलंच नाही. मीही काही बोललो नाही. माझ्यावर जे रंगवलं ते मी दाखवत राहिलो.

माझं कौतुक फार झालं. पुस्तकं छापणाऱ्यांनी माझ्यावरून नकाशे उतरवून घेतले, शाळांच्या भिंतींवर माझ्या नकला लागल्या. प्रत्येक नकलेत ती चार बोटं होती. उजव्या कोपऱ्यात मामांचं नाव बारीक अक्षरात होतं आणि पाहुणे आले की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या कार्यालयाच्या प्रमुख, त्या नावावर बोट ठेवून सांगत, "आमचे आहेत." मामा अशा वेळी चष्मा पुसायला लागायचे. मीही थोडा फुगलो होतो, कबूल करतो.

माझ्यावरून लंबूची पायरीही ठरायची. दर काही वर्षांनी समिती बसे आणि प्रत्येक पक्ष्याला चारपैकी एक पायरी देई: चिंता नाही, लक्ष ठेवावे, धोक्यात, अगदी काठावर. लंबू मोजणं कुणाला जमत नसे, कारण तो कुठे स्वस्थ बसत नाही. म्हणून समिती रंग मोजायची. माझ्यावर चौकटींचा पारदर्शक कागद ठेवायचे आणि केशरी चौकटी मोजायचे. चौकटी भरपूर निघत. लंबू दर वेळी पहिल्या पायरीवर, चिंता नाही.

मग कॉम्प्युटर आले. माझा फोटो काढून, चार बोटांसकट, त्यात घातला गेला आणि मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं. मामा निवृत्त झाले. कपाटामागे मी सहा वर्षं काढली. वाईट वाटलं का? वाटलं. सांगायला काय हरकत आहे!

मला बाहेर काढलं ते भाचीने. मामांचं बघूनच ती या कार्यालयात लागली होती. तिचं काम फिरतीचं, किनाऱ्यावर चालत पक्षी बघायचं. त्या वर्षी एका बंदराला वाढायचं होतं आणि त्यासाठी शेजारचा चिखलपट्टा भराव घालून बुजवायचा होता. तो पट्टा माझ्यावर त्या चार बोटांच्या अगदी वर आहे. लंबू तिथे दर वर्षी हजारोंनी उतरतो. बंदराच्या इंजिनिअरांनी समितीकडे केलेल्या अर्जात लिहिलं होतं की या पक्ष्याला लगेच खाली नऊशे किलोमीटर किनारा मोकळा आहे, तो थोडा पुढे जाऊन उतरेल. पुराव्याला माझीच नक्कल जोडली होती.

भाचीने तो नऊशे किलोमीटरचा किनारा चालत पाहायचं ठरवलं. लंबूच्या प्रवासाच्या ऐन हंगामात ती त्रेचाळीस दिवस चालली. परत आली तेव्हा तिच्या बुटांचे तळ सुटले होते आणि वहीत दर दिवसाच्या पानावर एकच शब्द होता: नाही. तिथे कडे आहेत, गोटे आहेत, पण चिखल नाही. लंबू तिथे उतरतच नाही. तो वरच्या पट्ट्यात पोट भरतो आणि मग सगळं अंतर एका दमात, न थांबता, उडून जातो.

मोठ्या बाईंनी वही नीट वाचली. "तुझ्यावर माझा विश्वास आहे," त्या म्हणाल्या. "पण समोरचे म्हणतील, या वर्षी नसतील, पूर्वी होते. पुन्हा येतील. नकाशा इतकी वर्षं तेच सांगतोय. मूळ पत्रं काढ."

भाचीने सगळ्या फायली चाळल्या. मग मला खांद्यावर टाकून ती मामांच्या घरी आली. त्याच टेबलावर मला उलगडलं.

"मामा, या चार बोटांची पत्रं कुठल्या फायलीत आहेत?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाहीत."

"हरवली का?"

"आलीच नाहीत गं."

भाची त्यांच्याकडे बघत राहिली. त्याचाच मामांना राग आला. "अशी बघतेस काय? तुझ्या वयाइतकी वर्षं तो रंग तिथे आहे. कुणी विचारलं नाही. ब्रश ओला होता. उचलला असता तर रेघ पडली असती."

"आणि मी हाक मारली होती," मामी दारातून म्हणाल्या. "मला आठवतंय. त्या दिवशी तुम्ही फार लवकर आलात जेवायला."

"एक खोटं निघालं तर सगळा नकाशा खोटा म्हणतील," मामा म्हणाले. "दोनशे अकरा ठिपके आहेत. एकेक पत्र वाचून दिलेत. तेही जातील. मग माझं काय उरलं?"

"मग तुम्ही नका येऊ, मामा. माझं मी सांगते."

मामींनी मात्र तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, "ते लोक तुझं एकटीचं ऐकणार असते तर तुला इथवर पाठवलं असतं का?"

समिती बसली त्या दिवशी मला मोठ्या टेबलावर पसरलं होतं. इंजिनिअर आले होते, माणूस सभ्य होता. भाचीने वही वाचून दाखवली. इंजिनिअर म्हणाले, "यांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण एका हंगामावरून एवढ्या नावाजलेल्या नकाशाला खोटं कसं म्हणायचं?"

तेव्हा मागच्या खुर्चीवरून मामा उठले. ते कधी येऊन बसले होते, भाचीलाही कळलं नव्हतं. "हा मी काढलाय," ते म्हणाले. "ही चार बोटं मी न बघता रंगवली. पत्र नव्हतं. बाकीच्या प्रत्येक ठिपक्याचं पत्र आहे, हवं तर आत्ता काढून दाखवतो. जरा वाटीभर पाणी आणि कापूस द्या."

वाटी आली. मामांनी कापूस भिजवला आणि सगळ्यांसमोर माझ्यावरचा रंग टिपायला सुरुवात केली. जुना रंग सहज निघत नाही. उरलेला त्यांनी ब्लेडच्या धारेने खरवडला. ब्लेड किनाऱ्याच्या रेघेबाहेर एकदाही गेलं नाही. मला दुखलं नाही, नकाशाला दुखत नसतं. लाज मात्र वाटली, इतकी वर्षं मिरवल्याची.

मग चौकटींचा कागद पुन्हा माझ्यावर ठेवला गेला. चौकटी कमी भरल्या, आणि वरच्या पट्ट्यानंतर लंबूला दुसरी खाणावळच नाही हेही दिसलं. संध्याकाळच्या आत लंबू दोन पायऱ्या सरकून 'धोक्यात' वर आला. त्या दिवशी एकही पक्षी कमी झाला नव्हता. कमी झाली होती फक्त माझी चार बोटं. धोका आधीपासूनच होता, मी तो झाकून उभा होतो.

भरावाचा अर्ज समितीने परत पाठवला. कायमचा नाही. दोन वर्षांनी तो पुन्हा येणार आहे, असं मोठ्या बाई म्हणतात.

निघताना मामांनी कोपऱ्यातल्या आपल्या नावावर ब्लेड टेकवलं. भाचीने त्यांचं मनगट धरलं. "ते राहू दे, मामा." मामांनी ब्लेड ठेवून पेन घेतलं आणि नावाखाली बारीक अक्षरात लिहिलं: मधला भाग न पाहता रंगवला होता, माझ्या हाताने पुसला. खाली तारीख आणि सही. पूर्वी पाहुणे आले की मामा मान खाली घालून चष्मा पुसत. त्या दिवशी ते सरळ बघत जिना उतरले.

मी पुन्हा भिंतीवर आहे. शाळेतली मुलं येतात आणि त्यांचं बोट आधी त्या खरवडलेल्या, पातळ झालेल्या जागेवरच जातं. "इथे काय आहे?" असं विचारतात. भाची सांगते, "इथे काही नाही. इथे तो कुठेच थांबू शकत नाही."

मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. माझ्यासाठी काच नको, चौकट नको. तुम्ही कधी त्या समुद्राकाठी गेलात, तर नाक दाबा, हरकत नाही. चिखल तेवढा असू द्या. लंबूचं पुढच्या नऊशे किलोमीटरचं जेवण तिथेच आहे.