रविवारचा खुराक

प्रयोगशाळेत त्यांना सगळे दाईकाका म्हणत. उंदराच्या भ्रूणातून काढलेल्या मूलपेशींना अकरा वर्षं तेच रोज खुराक घालत, रविवारीसुद्धा. खुराकात एका प्रथिनाचे थेंब पडले, की ‘हृदय हो’, ‘हाड हो’ म्हणणारी जनुकं गप्प बसत आणि पेशी काहीच न होता गोल, गुटगुटीत राहत. थेंब चुकले, की जिची तिची वाट सुरू. मग मागे फिरणं नाही.

त्या शनिवारी काकांनी दोन दिवसांचा खुराक एकदम घातला आणि धावत बस गाठली. चार वर्षांनी मुलाकडे निघाले होते. नात आधी दाराआड लपली, पण निघताना बोट सोडेना.

“आजोबा, पुढच्या रविवारी येशील?”

“येईन की,” म्हणाले आणि स्वतःच चपापले.

सोमवारी काकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पेशी चपट्या होऊन कडेकडेने पसरल्या होत्या. प्रथिनाची नवी कुपी फ्रीजमध्ये तशीच, न फोडलेली. घाईत थेंब घालायचेच राहिले होते.

“मॅडम, चूक माझीच.”

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. “या वाणाच्या एवढ्याच होत्या ना?”

“एवढ्याच.”

“दाई एक दिवस गावाला काय गेली, पोरांनी लगेच संसार थाटले!” त्या म्हणाल्या. हसू काही कुणाला आलं नाही.

काकांनी अजून गोल असलेले पुंजके बारीक नळीने एकेक उचलून नव्या बशीत ठेवले. पाठ मोडून आली तेव्हा सतरा झाले होते. गुरुवारपर्यंत त्यातले नऊ तगले.

“या रविवारी मी घालते खुराक,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही नातीकडे जा. थेंब मोजता येतात मला.”

“छे, तुम्ही कशाला? मी आहे ना.”

मुलाचा फोन आला. “बाबा, ती विचारतेय.”

“अरे, या पेशींना रविवार नसतो.”

“वाटलंच होतं,” मुलगा म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

रविवारी काकांनी थेंब दोनदा मोजले. नऊही पुंजके गोल होते, कुठलीच कड पसरली नव्हती. झाकण ठेवता ठेवता ते मास्कच्या आत पुटपुटले, “येईन की म्हणालो होतो मी.”