दोन बोटांचा अर्थ

गाणं ऐकावं आन गप घरी जावं, एवढं ज्यांना जमत न्हाई त्या लोकांनी माझ्या संसाराचा पार इस्कोट केला. असं म्हणलं की हौशीरामला राग येतो. येऊ दे.

माझा नवरा भिमाजी चांगदेवच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा. आमच्या महाळुंगे पडवळचीच पार्टी. भीमजयंती, बुद्धपौर्णिमा, कुणाचं लग्न, जिथं बोलावतील तिथं जायची. चांगदेवचं गाणं कधी लिहिलेलं नसायचं. धृपद तेवढं ठरलेलं, पुढं तो उभ्याउभ्या जोडत जायचा, आन भिमाजी त्याच्या तोंडाकडं बघत ठेका फिरवायचा. एकेक गाणं पाऊण पाऊण तास चालायचं, आन दुसऱ्या गावात तेच गाणं निराळंच व्हायचं. म्हणून तर लोक मागं लागले. मंचरला पप्पूचं कॅसेटी भरून द्यायचं दुकान व्हतं. तो दर कार्यक्रमाला टेप घेऊन पुढं बसायचा. आन हौशीराम, वीजबोर्डातला लाइनमन, तो अर्थ सांगणारा. दुकानाच्या फळीवर बसून ही मंडळी एकेक ओळ मागं-पुढं करून ऐकायची आन तिच्यावरनं तासन्‌तास भांडायची. भिमाजीला लई हसू यायचं. म्हणायचा, चांगदेवला खोकला आला तरी हौशीराम त्याचा अर्थ लावतो.

मंग कडबा कापायच्या यंत्रात, कडबाकुट्टीत, भिमाजीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

जखम भरली, पण थाप भरंना. ढोलकी पुढ्यात घेऊन बसायचा आन ठेवून द्यायचा. तशात एका लग्नाला चांगदेवनं नारायणगावचा दुसरा ढोलकीवाला नेला. तुझा हात बरा होईस्तोवरच, असं त्यानं घरी येऊन सांगितलं व्हतं. भिमाजी बरं म्हणला. सकाळी मंचरला जाऊन येतो म्हणून गेला, तो आलाच न्हाई. ढोलकी खुंटीला तशीच.

काय काय केलं न्हाई मी? पाव्हण्यारावळ्यांकडं गेले, दवाखाने बघितले, पोलिसात सांगितलं. ते म्हणले मोठा माणूस हाय, रागानं गेला असंल, येईल. माझी हर्षाली तवा चौथीत व्हती. येष्टीचा आवाज आला की ताटावरनं उठून पळायची.

आन एक दिवस पप्पू आन हौशीराम टेप घेऊन घरी आले. हौशीराम म्हणला, "वयनी, भिमाजीचा पत्ता सापडला." चुलीपुढंच टेप लावला. चांगदेवचा आवाज, नवी ओळ:

येडगावच्या काठावरती सांगाती माझा बसला,
ओझरच्या वाटंवरती एकलाच तो हसला.

हौशीरामनं समजावून सांगितलं. चांगदेवला ठावठिकाणा ठाऊक हाय, पण भिमाजीनं त्याला शपथ घातली असणार. म्हणून उघड सांगत न्हाई, गाण्यातनं सांगतो. ते ऐकता ऐकता मी चुलीवरची भाकरी करपू दिली.

दुसऱ्या दिवशी हर्षालीला घेऊन येडगावला गेले. धरणाच्या काठानं चालत एकेका मासेवाल्याला इचारलं. पाण्यात काही काळं तरंगताना दिसलं की पोरीचं तोंड दुसरीकडं फिरवायचे. तिथनं ओझर. देवळाच्या वाटंवर आमी मायलेकी दिवस कलंपर्यंत बसलो. गणपतीला आलेले लोक आमाला चिल्लर द्यायला लागले, तवा उठले.

पण आशा लई वंगाळ. नवी कॅसेट आली की नवं गाव निघायचं, हौशीराम अर्थ सांगायचा आन मी पिशवी उचलायचे. अर्धा जुन्नर तालुका पालथा घातला. पोरीची शाळा बुडाली, माझी मजुरी बुडाली. सासूबाई, सोनीबाई, म्हणल्या, अगं त्या चांगदेवलाच जाऊन धर की. मी म्हणलं, शपथ घातलेला माणूस सांगंल का? एवढी मी भरकटले व्हते.

शेवटी गेलेच. चांगदेव कांद्याला पाणी देत व्हता. मी बांधावर बसले आन म्हणलं, हात जोडते, शपथ मोडल्याचं पाप माझ्यावर, पण तो कुठंय ते सांग. त्याच्या हातातलं खोरं तसंच राहिलं. म्हणला, "वयनी, मला वाटलं तुमालाच काय कळलंय, म्हणून तुमी गावोगाव फिरताय."

मंग एकेक उलगडा झाला. येडगावच्या एका माणसानं गाणं चालू असताना बक्षीस दिलं व्हतं, ओझरच्या दुसऱ्यानं. बक्षीस आलं की माईकवर नाव पुकारायचं आन पुढच्या ओळीत त्याचं गाव घ्यायचं, ही आमच्याकडची रीतच हाय. सांगाती मात्र चांगदेवच्या मनातला. भिमाजी गेल्यापासनं त्याला दुसरं सुचतच नव्हतं. आता ही रीत मला ठाऊक नव्हती व्हय? लग्न झाल्यापासनं बघत आले. पण कॅसेटीत पुकारा नसायचाच. गाणं थांबून कुणी बोलायला लागलं की पप्पूचं बोट बटणावर जायचं, टेप फुकट जाऊ नये म्हणून. बक्षीस कापलं जायचं आन गाव तेवढं राहायचं. आन त्या गावांच्या मागं मी धावत व्हते.

लई रडले मी त्या बांधावर. मंग डोळे पुसले आन चांगदेवला म्हणलं, आता उघड गा. त्याचं आन ह्या द्रौपदाचं नाव घेऊन गा. आडून बोलू नको, वळणं घेऊ नको. तुझ्या कॅसेटी पार कल्याणपर्यंत जातात, कुठंतरी त्याच्या कानावर पडंल.

जयंतीला तो गायला. मी पुढंच बसले व्हते.

भिमाजी, घरला ये रं, द्रौपदा बोलावती,
दोन बोटं गेली तर गेली, तीन तर राहती.

गाणं थांबवून तो माईकवर बोलला पण. म्हणला, मंडळी, हे गाणं न्हाई, हे खरं हाय. भिमाजी आमचा ढोलकीवाला, उजव्या हाताला दोन बोटं न्हाईत. कुणाला दिसला तर सांगा, त्याची बायको वाट बघती, त्याची जागा पार्टीत तशीच हाय. बायका पदर डोळ्याला लावत व्हत्या. मला वाटलं, आता येतोय माझा माणूस.

हौशीराम नंतर मला म्हणला, वयनी, ओळ लई खोल हाय. मी म्हणलं, खोल न्हाई, माझा नवरा हाय तो. तो म्हणला, ते तर हायच, पण वरचा अर्थ निराळा. मी त्याच्या नादी लागले न्हाई. तिथंच त्याचं थोबाड धरायला पाहिजे व्हतं.

बुद्धपौर्णिमेला विहारापुढं जेवणाची पंगत चालली व्हती. मी वाढत व्हते. नारायणगाव-कल्याण जीप चालवणारा एकजण, नवनाथ नावाचा, खास चांगदेवला बघायला आला व्हता. कॅसेटी ऐकून येडा झालेला गडी. हौशीरामच्या शेजारी बसून सांगत व्हता की गाडीत दिवसभर तुमचंच गाणं चालतं, आन तुमी दुकानात सांगितलेला अर्थ मी सगळ्या पॅसिंजरला सांगतो.

"परवाच एकजण कल्याणवरनं बसला," तो म्हणला. "नारायणगावला जायचं म्हणला. दाढी वाढलेली, पुढच्या सीटवर. ती दोन बोटांची ओळ लागली तर मला म्हणला, परत लाव. आन गुडघ्यावर ठेका धरला बेट्यानं, काय सांगू. दुसरा हात पार पिशवीत घातलेला. मला इचारतो, पावणं, ही बाई खरंच बोलावती का?"

माझ्या हातातली वरणाची बादली खाली बसली.

"मंग तू काय सांगितलंस?" मी म्हणलं.

मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. हौशीराम त्याचा हात दाबत व्हता तरी पोरगं खुशीत बोलत राहिलं. "सगळा अर्थ सांगितला, मावशी. म्हणलं, बाई-बिई काय नसती, ते कवीचं असतं. पाच बोटं म्हंजे पंचशील, दोन शीलं सुटली, आन द्रौपदा म्हंजे समाज, तो भरकटलेल्याला हाक मारतो. तो म्हणला, म्हंजे खरी न्हाई व्हय. ओतूरला म्हणला थांबव. म्हणलं, भाडं नारायणगावचं दिलंय. न्हाई म्हणला. उतरला आन रस्ता ओलांडून कल्याणच्या बाजूला जाऊन उभा राहिला."

मी नवनाथला इचारलं की चांगदेव मधी बोलला ते त्यानं ऐकलं न्हाई का, माझा माणूस खरा हाय म्हणला ते. तो म्हणला, कॅसेटीत असलं काय न्हाई, मावशी. मी पप्पूकडं बघितलं. तो पत्रावळीत बघत व्हता. गाणं थांबलं व्हतं, त्याचं बोट बटणावर गेलं व्हतं.

मी हौशीरामच्या पुढ्यात उकिडवी बसले. म्हणलं, "हौशीरामभाऊ, माझा माणूस ओतूरपर्यंत आला व्हता. आता ह्याचा अर्थ सांगा."

त्यानं पुढ्यातली पत्रावळ दुमडली.

मी हात धुतले, हर्षालीला सासूबाईंपाशी सोडलं आन नवनाथला म्हणलं, ऊठ, चल. कुठं ते त्यानं इचारलं न्हाई. तोंड पांढरं पडलं व्हतं बिचाऱ्याचं. जीपला चावी दिल्याबरोबर टेप सुरू झाला आन चांगदेव माझं नाव घ्यायला लागला. नवनाथनं घाईघाईनं बंद करायला हात नेला. मी त्याचा हात धरला.

"राहू दे," म्हणलं. "काचा खाली घे आन आवाज वाढव. ओतूरपासनं कल्याणपर्यंत असाच ठेव. गाणं संपलं की पुढचं मी बोलते."